शेजारचे दुर्लक्षित भाड्याचे घर आणि आपल्या कुटुंबाचे आरोग्य

मालक दुसऱ्या शहरात किंवा परदेशात राहतात. भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतात आणि मधले काही महिने घर कुलूपबंद असते. गॅलरीत जुने सामान पडलेले असते, बाथरूममधला पाइप गळत असतो, गच्चीवरच्या टाकीचे झाकण कधीच उडून गेलेले असते. अशी घरे प्रत्येक सोसायटीत, चाळीत आणि वाडीत एखाद-दुसरी तरी सापडतात.

दवाखान्यात ही गोष्ट वेगळ्या रूपाने समोर येते. एकाच घरात दोघांना लागोपाठ डेंग्यू होतो. औषधे नीट घेऊनही लहान मुलाचा दमा आटोक्यात येत नाही. आजींचा कोरडा खोकला तीन महिने हटत नाही. घर स्वच्छ असते, कुंड्यांखालच्या ताटल्याही रिकाम्या असतात. मग कारण शोधताना शेजारच्या भिंतीपलीकडे बघावे लागते.

अशा घरामुळे कोणते आजार होऊ शकतात, ते कसे ओळखायचे, स्वतःला कसे जपायचे आणि शेजाऱ्यांशी न भांडता हा प्रश्न कसा सोडवायचा, हे या लेखात पाहू.

१. साचलेले पाणी आणि डास

बंद किंवा दुर्लक्षित घराचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. त्याला डबके लागत नाही, बाटलीच्या झाकणाएवढे पाणीही पुरते. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला पावसाळ्यात साधारण आठ ते दहा दिवस लागतात. महिनाभर बंद असलेल्या घरात त्यामुळे डासांच्या दोन-तीन पिढ्या सहज तयार होतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. या डासाची अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटलेली असतात आणि पाणी आटले तरी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर येतात. म्हणून पिंप किंवा टाकी नुसती रिकामी करून चालत नाही, आतून घासून काढावी लागते. दुसरे म्हणजे, हा डास फार लांब उडत नाही. जिथे जन्मतो त्याच्या आसपासच्या घरांतच तो चावतो. तुमच्या घरात डेंग्यू झाला असेल, तर डासांची पैदास बहुधा तुमच्या इमारतीत किंवा शेजारच्या आवारात होत आहे.

शेजारच्या घरात या जागा बघायला सांगा:

- गच्चीवरची झाकण नसलेली किंवा फुटके झाकण असलेली टाकी
- पाणी साठवलेली पिंपे, बादल्या
- फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, एसीचे पाणी पडते ती जागा
- गॅलरीतल्या रिकाम्या कुंड्या, टायर, तुटके कमोड, करवंट्या
- पावसापासून बचावासाठी टाकलेल्या प्लास्टिक कागदाच्या घड्या
- वापरात नसलेल्या संडासाची फ्लशची टाकी

शहरी मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस डासही उघड्या टाक्यांमध्ये वाढतो. तो रात्री चावतो, तर एडिस दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या सुमारास चावतो. तुंबलेली गटारे आणि फुटलेल्या सेप्टिक टँकमध्ये क्युलेक्स डास वाढतो. हत्तीरोग पसरवणारा डास तोच.

गरोदर स्त्री घरात असेल तर अधिक सावध राहा. २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या बेलसर येथे महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण आढळला. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात आढळलेल्या रुग्णांमध्ये गरोदर स्त्रियाही होत्या. झिकाचा ताप सहसा सौम्य असतो, पण गर्भाच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. गरोदरपणात ताप, अंगावर पुरळ किंवा डोळे लाल होणे यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

डेंग्यूमध्ये कधी घाबरायचे?

डेंग्यूचा ताप साधारण दोन ते सात दिवस राहतो. बहुतेक रुग्ण घरीच बरे होतात. खरी काळजीची वेळ ताप उतरल्यावर येते, आणि नेमके तेव्हाच घरचे निर्धास्त होतात. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप कमी झाल्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत पुढीलपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा:

- पोटात खूप दुखणे
- सतत उलट्या
- हिरड्यांतून, नाकातून रक्त, रक्ताची उलटी किंवा काळी शौच
- श्वास जलद होणे
- फार गळून जाणे, गुंगी किंवा अस्वस्थपणा
- हातपाय गार पडणे, लघवी खूप कमी होणे

तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉलच घ्या. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन रोज चालू असेल तर मात्र ते परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारा. ओआरएस, पेज, ताक, नारळपाणी थोडे थोडे देत राहा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती पाणी द्यायचे हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. फक्त प्लेटलेटचा आकडा बघून घाबरू नका किंवा निश्चिंतही होऊ नका. रुग्णाची अवस्था, रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि रक्त किती घट्ट झाले आहे, या सगळ्यांचा एकत्र विचार डॉक्टर करतात.

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होणार नाही, असे नसते. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता जास्त असते. घरात एकाला डेंग्यू होऊन गेल्यावर शेजारच्या टाकीचा पाठपुरावा सोडायचा नाही तो याचसाठी.

२. उंदीर आणि घुशी

कुलूपबंद घर, पडलेला कचरा आणि फुटलेले ड्रेनेज एकत्र आले की उंदीर येणारच. त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू पाण्यात आणि ओल्या मातीत मिसळतात. पायावर जखम किंवा भेगा असतील आणि अशा पाण्यातून चालणे झाले, तर जंतू शरीरात शिरतात. २००५ च्या जुलैमधल्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली होती. पण त्यासाठी महापूरच यायला हवा असे नाही. इमारतीच्या मागच्या गल्लीत घोटाभर पाणी साचले आणि तिथे उंदरांचा वावर असला तरी पुरते.

लक्षणे सहसा पाच ते चौदा दिवसांत दिसतात: अचानक जोराचा ताप, डोके आणि अंग दुखणे, विशेषतः पोटऱ्या दाबल्यावर दुखणे आणि डोळे लाल होणे. कावीळ, लघवी कमी होणे, धाप लागणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे ही गंभीर लक्षणे आहेत. तपासणीच्या वेळी "साचलेल्या पाण्यातून चाललो होतो" किंवा "घरात उंदीर झालेत" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ही एक माहिती निदानाची दिशा बदलू शकते. लवकर सुरू केलेल्या प्रतिजैविकांनी हा आजार बरा होतो. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले आणि पायाला जखम असेल, तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारा. प्रतिबंधक गोळ्या लागतील का, हे ते ठरवतील.

उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. आधी जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवा, हातमोजे घालून पुसून घ्या आणि पिशवीत बांधून टाका.

एक महत्त्वाची सूचना: शेजारच्या गॅलरीत किंवा जिन्यात स्वतःहून विष ठेवू नका. उंदीर मारण्याच्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असू शकतो आणि तो यकृत निकामी करतो. मुलांनी चुकून तोंडात घातल्याच्या घटना घडतात. सुरुवातीला मूल ठीक दिसते आणि दोन-तीन दिवसांनी प्रकृती ढासळते. असे काही झाल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता, पेस्टचे वेष्टन बरोबर घेऊन रुग्णालयात जा. घरी उलटी करवू नका.

३. भिंतीतली ओल आणि बुरशी

वरच्या किंवा शेजारच्या फ्लॅटमधली गळती तुमच्या भिंतीवर ओलीचा नकाशा उमटवते. काही दिवसांत तिथे काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात. ही बुरशी हवेत सूक्ष्म कण सोडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर, बुरशी धरलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर आणि दम्याचा त्रास अधिक होतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. लहान मुले, दम्याचे रुग्ण, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण (केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले) यांना जास्त जपावे लागते.

रात्री किंवा पहाटे खोकला वाढतो, गावी गेल्यावर बरे वाटते आणि घरी परतल्यावर त्रास पुन्हा सुरू होतो, असे होत असेल तर डॉक्टरांना तसे सांगा. इनहेलर चालू असेल तर तो बंद करू नका.

गळती थांबेपर्यंत एवढे करा:

- पलंग आणि कपाट ओल्या भिंतीपासून हातभर लांब सरकवा.
- रुग्णाची झोपण्याची खोली शक्यतो बदला.
- बुरशी साबणाच्या पाण्याने, मास्क लावून पुसा. कोरडी खरवडू नका. हे काम दम्याच्या रुग्णाने करू नये.
- ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र वापरू नका, त्यातून विषारी वायू निघतो.
- ओल्या भिंतीवर रंग किंवा वॉलपेपर लावू नका. गळती चालू असेपर्यंत तो पैसा वाया जातो आणि आत बुरशी वाढत राहते.
- ओल विजेच्या बटणांपर्यंत आली असेल तर तो भाग बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

४. कबुतरे

बंद घराची गॅलरी ही कबुतरांची हक्काची जागा होते. त्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासावाटे सतत आत गेली, तर काही लोकांच्या फुप्फुसांत अ‍ॅलर्जीसारखी सूज येते. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. कबुतरे दिसली म्हणजे प्रत्येकाला हा आजार होतो असे नाही. पण ज्यांना होतो त्यांचे निदान बरेचदा उशिरा होते, कारण सुरुवातीला तो साधा खोकला किंवा दमा वाटतो.

कोरडा खोकला आठवड्यांमागून आठवडे टिकणे, जिना चढताना पूर्वीपेक्षा लवकर दम लागणे, वजन घटणे, अधूनमधून बारीक ताप येणे ही लक्षणे असतील तर छातीरोगतज्ज्ञांना भेटा आणि कबुतरांचा उल्लेख करा. छातीचा सीटी स्कॅन आणि श्वासाच्या चाचण्यांवरून निदान होते. उपचारांतला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे त्या धुळीपासून दूर होणे. संपर्क वर्षानुवर्षे चालू राहिला तर फुप्फुसांवर कायमचे व्रण पडतात आणि ते औषधांनी भरून येत नाहीत.

विष्ठा साफ करताना आधी पाणी शिंपडा, एन-९५ मास्क आणि हातमोजे वापरा. नंतर जाळी बसवा. घरट्यात अंडी किंवा पिल्ले असतील तर पिल्ले उडून जाईपर्यंत थांबा.

शेजाऱ्यांशी बोलताना

आधी एक गोष्ट समजून घेऊ. दुर्लक्ष कुणाचे, हे वाटते तितके उघड नसते. नळाला दिवसातून तासभरच पाणी येत असेल तर भाडेकरूला पिंपे भरून ठेवावीच लागतात. गळका पाइप बदलण्याचा अधिकार त्याला नसतो आणि मालकाला फोन केला तर "बघू" एवढेच उत्तर मिळते. त्या घरात राहणारी मुले तेच डास चावून घेतात, तीच ओल श्वासात घेतात. त्यामुळे भाडेकरू हा बहुतेक वेळा तुमच्याच बाजूचा माणूस असतो. तक्रार त्याच्याविरुद्ध करण्याऐवजी त्याला सोबत घेऊन करा.

पहिली पायरी: भाडेकरूला भेटा. "आमच्या मुलीला डेंग्यू झालाय, तुमच्याकडे सगळे बरे आहेत ना?" अशी सुरुवात केली की बोलणे सोपे होते. पिंपाला झाकण किंवा घट्ट बांधलेले कापड आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस, एवढे बहुतेक जण लगेच मान्य करतात.

दुसरी पायरी: मालकाला लेखी कळवा. फोनवरचे बोलणे विसरले जाते. असा संदेश पाठवता येईल:

"नमस्कार. मी आपल्या फ्लॅटच्या शेजारी राहतो. आपल्या बाथरूममधून आमच्या बेडरूमच्या भिंतीत ओल येत आहे आणि गॅलरीत पाणी साचून डास होत आहेत. घरात दम्याचा रुग्ण आहे. सोबत फोटो पाठवत आहे. येत्या सात दिवसांत प्लंबर पाठवण्याची व्यवस्था करावी ही विनंती. आपण बाहेरगावी असल्यास किल्ली कुणाकडे आहे ते कळवावे. काम चालू असताना मी हजर राहू शकेन."

फोटोवर तारीख येईल असे बघा. घरातल्या रुग्णाचा आजार सांगायचा की नाही, हे त्या व्यक्तीला विचारून ठरवा. तपासणीचे रिपोर्ट सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

तिसरी पायरी: सोसायटीच्या सचिवांना अर्ज द्या आणि पोच घ्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, सभासदाला आधी कळवून समितीला त्याच्या सदनिकेची पाहणी करता येते आणि आवश्यक दुरुस्ती सुचवता येते. साधारण नियम असा की, घरातल्या नळ, संडास-बाथरूममुळे होणारी गळती त्या सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची आणि गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारी गळती सोसायटीने. समिती दाद देत नसेल तर उपनिबंधक कार्यालयाकडे तक्रार करता येते.

चौथी पायरी: महापालिका किंवा ग्रामपंचायत. मुंबईत १९१६ या क्रमांकावर किंवा वॉर्ड कार्यालयातल्या कीटकनाशक विभागाकडे तक्रार करा. इतर शहरांत क्षेत्रीय कार्यालयाचा आरोग्य विभाग, गावात ग्रामपंचायत आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. डासांची पैदास आढळली तर महापालिका जागेच्या मालकाला नोटीस देऊ शकते, दंड किंवा खटल्याची कारवाईही करू शकते. तक्रारीत "डास फार झालेत" असे मोघम लिहिण्यापेक्षा "तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटच्या गॅलरीत पिंपात अळ्या दिसतात" असे नेमके लिहा. इमारतीत डेंग्यूचे निदान झालेले रुग्ण असतील तर तेही नमूद करा.

सार्वजनिक उपद्रव गंभीर असेल, म्हणजे संपूर्ण वस्तीला धोका असेल आणि बाकी उपाय थकले असतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. दोन फ्लॅटमधल्या गळतीच्या वादासाठी हा मार्ग नाही. त्यासाठी वकिलांचा सल्ला घ्या.

कुलूप तोडणे, गॅलरीतून आत उतरणे किंवा पाणी-वीज तोडणे असे काहीही करू नका. आरोग्याचा प्रश्न सोडवताना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल.

दाद लागेपर्यंत घरात काय करावे?

- खिडक्यांना जाळ्या बसवा. दुपारी झोपणारे बाळ आणि वृद्ध यांच्यासाठी दिवसाही मच्छरदाणी लावा.
- मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. डास प्रतिबंधक क्रीम वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणे वापरा. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ते लावू नका.
- डेंग्यूच्या रुग्णाला ताप असेपर्यंत मच्छरदाणीत झोपवा. त्याला चावलेला डास पुढे तुमच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाही आजार देऊ शकतो.
- धूरफवारणीवर विसंबू नका. तिने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवडाभरात नवे डास तयार होतात.
- आठवड्यातून एक दिवस ठरवून स्वतःच्या घरातली सर्व भांडी रिकामी करून घासा, कोरडी करा. शेजारच्या मजल्यांनीही तोच वार धरला तर उत्तम.

डॉक्टरांकडे जाताना

आजार किती दिवसांचा, ताप कधी आला आणि कधी उतरला, घरात किंवा इमारतीत आणखी कोण आजारी आहे, आजूबाजूला साचलेले पाणी, उंदीर, कबुतरे किंवा ओल आहे का, हे एका कागदावर लिहून न्या. भिंतीचा किंवा गॅलरीचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर दाखवा. निदानासाठी या गोष्टींचा उपयोग रक्ताच्या रिपोर्टइतकाच होतो.

ताप दोन दिवसांपेक्षा जास्त टिकला, किंवा आधीपासून मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. धाप, रक्तस्राव, गुंगी किंवा लघवी थांबणे यांपैकी काही असेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. शेजारच्या टाकीचे झाकण बसायला आठवडा लागला तरी चालेल, रुग्णाला दवाखान्यात न्यायला तेवढा वेळ नसतो.